बातमीदार कुठं उभा होता

गवसाळे, ता. चंदगड
२ सप्टेंबर २००८

सोमेश,

चिरंजीव लिहीत नाही, आशीर्वादही लिहीत नाही. उद्या गणपती. तू गडहिंग्लजला घरी जाशील, अप्पांच्या पाया पडशील, ते देतील काय द्यायचा तो आशीर्वाद. माझ्याकडं आज तुझ्यासाठी शिव्या आहेत, आणि त्या अव्वाच्या कानडीत जास्त चांगल्या बसतात, म्हणून इथं लिहीत नाही.

हे फोनवर बोलायचं नव्हतं. फोनवर तू बोलत राहतोस आणि मी 'हं हं' करत राहते, लहानपणापासून तेच चाललंय. शिवाय गवसाळ्यात रेंज मिळवायला शाळेमागचा डोंगर चढावा लागतो. तुझ्याशी भांडायला मी डोंगर चढणार नाही.

परवाच्या रविवारचा तुझा पेपर समोर आहे. तालुक्याचं पान, जे तू लावतोस. उजव्या कोपऱ्यात बातमी: "गवसाळे, ता. ३० : मुसळधार पावसामुळे ओढ्यावरील पूल पाण्याखाली गेल्याने येथील देशी दारू दुकानाबाबत रविवारी होणारे महिलांचे मतदान पुढे ढकलण्यात आल्याचे समजते."

कुणाला समजलं रे ते? मी शनिवारी संध्याकाळी त्याच पुलावरनं चालत घरी आले. पाणी पुलाच्या खाली होतं, जिथं असायचं तिथंच. आणि तू त्या वेळी कोल्हापुरात ऑफिसात पंख्याखाली बसला होतास. बातमीवर मात्र 'गवसाळे, ता. ३०'. गावाचं नाव तरी कशाला घेतलंस?

मतदान झालं. ठरल्याप्रमाणे, रविवारीच, आमच्या शाळेत. तहसीलदार स्वतः आले, त्याच पुलावरनं, जीपमधनं. आणि आम्ही हरलो. अकरा मतं कमी पडली.

नियम तुला ठाऊक आहे, तूच तो छापला होतास, तरी परत सांगते, कारण तू विसरल्याचं सोंग घेशील. चिठ्ठीवर दोन चित्रं, उभी बाटली आणि आडवी बाटली. दुकान बंद व्हायचं तर निम्म्याहून जास्त बायकांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारायला पाहिजे. निम्म्याहून जास्त म्हणजे आलेल्यांच्या नव्हे, यादीवरल्या सगळ्यांच्या. जी घरी राहिली ती दुकानाच्या बाजूची धरायची. म्हणून आकारामअण्णाला, ज्याचं ते दुकान, एकाही बाईला उभ्या बाटलीवर शिक्का मार म्हणायची गरज नव्हती. त्याला फक्त बायका मतदानापासून लांब ठेवायच्या होत्या. ते काम तू करून दिलंस.

आणि करून घेतलंस ते माझ्या वर्गातल्या मुलांच्या तोंडून. चार वर्षं झाली, रविवारी पहिल्या एस.टी.नं पेपर येतात, तूच पाठवतोस उरलेले अंक, आणि आठवी-नववीची मुलं ते घेऊन आपापल्या वाडीवर जातात. देवळाच्या पायरीवर नाहीतर समाजमंदिरात बसून बायकांना बातम्या वाचून दाखवतात. ज्यांना अक्षर येत नाही अशा बायकांना रेशनचा आदेश आणि काजूचा दर या मुलांनी सांगितलाय. बाईंच्या वर्गातलं पोरगं वाचतंय म्हणजे खरं असणार, एवढी पत त्यांनी कमावली होती.

वरच्या वाडीत आणि पाणंदवाडीत मुलांनी तुझी बातमी वाचली. मतदान नाही म्हटल्यावर बायका खुरपी घेऊन नाचणी भांगलायला डोंगरापल्याड गेल्या. मला कळलं तेव्हा दुपार व्हायला आली होती. मी पळाले, शिपाईमामांना पळवलं, मुलांना पळवलं. काही बायका चिखलाच्या पायांनी तशाच आल्या. बाकीच्या हाकेच्या पलीकडं होत्या.

बौद्धवाडीतून मात्र झाडून सगळ्या आल्या. तिथं पेपर नेला होता शिवानीनं. नववीत आहे, तानूबाईची थोरली. तिनं बातमी मनात वाचली आणि पेपर घडी करून मांडीखाली ठेवला. बायका म्हणाल्या, वाच की गं. ती म्हणाली, "मी न्हाय वाचणार. पूल पाण्याखाली गेलाय म्हणून लिवलंय. मी आत्ता त्याच पुलावरनं पेपर घिऊन आलो न्हवं? जो पुलाजवळ आलाच न्हाय, त्येचं कशाला ऐकायचं?"

नववीतली मुलगी आहे ती, सोमेश. आणि तुझ्याकडं पत्रकारितेची पदविका आहे, जी तू घेताना बघायला मी रजा काढून आले होते.

मला खुलासा पाहिजे. त्याच पानावर, त्याच कोपऱ्यात, तेवढ्याच अक्षरात. बातमी चुकीची होती, लिहिणारा गावात नव्हता, आणि माहिती कुणी दिली त्याचं नाव. आता वर्षभर परत मतदान मागता येत नाही. निदान बायकांना कळू दे की त्या कमी पडल्या नाहीत, त्यांना फसवलं गेलं.

विद्याश्री


२१ सप्टेंबर २००८

सोमेश,

तुझं उत्तर मिळालं. टाईप केलेलं, ऑफिसच्या कागदावर. मी बहीण आहे की ग्राहक मंच?

तुझं म्हणणं मी तीनदा वाचलं. चंदगड सगळ्यांत लांब, म्हणून चंदगडची पेपरची गाडी सगळ्यांत आधी सुटते, म्हणून आमचं पान आदल्या दुपारीच बंद करावं लागतं. त्या दुपारी तहसीलदारांचा फोन लागेना. तेवढ्यात आकारामअण्णाचा आला, की पाऊस लई हाय, पूल गेला, मतदान काय हुतंय असं दिसत न्हाय. तुला वाटलं, आत्ता नाही घेतली तर बातमी शिळी होईल. आणि 'समजते' असं लिहिलंच होतं, म्हणजे ठाम विधान नव्हतं.

वा रे वा. मतदान कुणाच्या दुकानाचं, तर अण्णाच्या. आणि ते होणार की नाही हे विचारायचं कुणाला, तर अण्णाला. मांजराला विचारून दुधाचं पातेलं ठेवायचा प्रकार आहे हा.

अण्णा तुला चहा पाजतो, त्याच्या वाढदिवसाला शुभेच्छांचं अर्धं पान देतो, कबूल. पण मी तुझी पाठची नव्हे, पुढची बहीण आहे. याच गावात दहा वर्षं शिकवते. ग्रामपंचायतीत फोन आहे, तिथनं शिपाई मला बोलवायला येतो हे तुला माहीत आहे, कारण अप्पांना बरं नव्हतं तेव्हा तू असंच बोलावलं होतंस. मग मला का नाही विचारलंस? मी सांगते. मला विचारलं असतंस तर तुला खरं कळलं असतं, आणि मग उजवा कोपरा रिकामा राहिला असता.

आता वर्गातलं ऐक. गेल्या वर्षीपासून बातमीच्या तासाला मी मुलांकडून एक काम करून घेते. बातमी वहीत चिकटवायची आणि शेजारी चित्र काढायचं, बातमीदार कुठं उभा होता त्याचं. अपघात असला तर रस्त्यावर, पूर असला तर पाण्याच्या कडेला. बहुतेक वेळा मुलं त्याला पुढच्या रांगेत पुढाऱ्याशेजारी खुर्चीत काढतात, हार-नारळासकट. ती मुलांची चूक नाही, तुम्ही छापताच तशा बातम्या. आणि चित्र काढता आलं नाही तर समजायचं की या बातमीला पाय नाहीत, हिला विचारल्याशिवाय घरात घ्यायचं नाही.

सोमवारी मी त्यांना तुझी बातमी दिली. तू बाईंचा भाऊ हे सगळ्यांना ठाऊक, त्यामुळं कुणी पेन्सिल उचलेना. मी म्हटलं, काढा, मुकाट्यानं बसायला तास नाहीये हा. एकानं तुला अण्णाच्या दुकानात पोत्यावर बसवलंय. एकीनं तुझ्या दोन्ही कानांना दोन फोन लावलेत. शिवानीनं नुसता पूल काढला, कठड्यासकट, नीट, खाली पाणी. वर कुणीच नाही. मी विचारलं, बातमीदार कुठाय? म्हणाली, "न्हाय बाई. हितं कोण न्हवतंच." सगळी चित्रं या पाकिटात आहेत. टेबलाच्या काचेखाली ठेव.

पाणंदवाडीत ज्या पोरानं बातमी वाचली, तो आठवडाभर शाळेत आला नाही. त्याच्या आईनं त्याला बडवलं, खोटारडं म्हणून. तिचा नवरा रोज त्याच दुकानातनं घरी येतो, तिचं मत वाया गेलं, ती कुणावर राग काढणार? मी घरी गेले तर पोरगं मोरीच्या आड उभं राहून म्हणालं, "बाई, मी बरोबर वाचलं हुतं की." बरोबरच वाचलं होतं त्यानं. स्वल्पविरामाला थांबून वाचतो तो. त्याला मी काय सांगू, की खोटं माझ्या माहेरी शिजलं?

आणि शाळा समितीची बैठक झाली. अण्णा समितीवर आहे हे तुला सांगायला नको. म्हणाला, "बाई पुस्तकातलं सोडून पेपर शिकवत्यात. पोरास्नी मोठ्या माणसांवर संशय घ्याय लावत्यात." मुख्याध्यापक मान खाली घालून चहा ढवळत बसले, साखर कधीच विरघळली होती. मी म्हटलं, अण्णा, मी विचारायला शिकवते. ज्याच्याकडं उत्तर नसतं त्याला तो संशय वाटतो. बातमीचा तास बंद झाला. आता मी तो निबंधाच्या तासात घेते, बघू काय करतात.

खुलाशाबद्दल तुझ्या पत्रात एकच ओळ आहे, 'वरिष्ठांशी बोलून बघतो.' बोल आणि बघ. मी वाट बघतेय.

विद्याश्री


१४ जानेवारी २००९

सोमेश,

तुझं तिळगुळाचं पाकीट आलं. वर छापलंय, गोड गोड बोला, आणि खाली पेपरचं नाव. वर्गात वाटून टाकलं. मी खाल्लं नाही, आणि गोडही बोलणार नाही.

खुलासा नाही. दिवाळीत तू म्हणालास पुरवण्यांची गडबड आहे, डिसेंबरात म्हणालास अधिवेशन आहे. पेपर रोज निघतो ना रे? त्यात चार ओळींना रोज जागा नसते, आणि अण्णाच्या नातवाच्या बारशाला असते?

तू अप्पांना सांगितलंस म्हणे, आक्का जरा जास्तच मनाला लावून घेते. परवा अप्पांचा पंचायतीत फोन आला. "विद्या, भाऊ एकच हाय तुला," म्हणाले. मी म्हटलं, अप्पा, गावात दुकानही एकच आहे, आणि ते तुमच्या लेकानं वाचवलं. त्यांनी फोन ठेवला. अप्पांनी माझा फोन याआधी कधी ठेवला नव्हता. हेही तुझ्या खात्यावर लिही.

दुकान जोरात आहे. हरल्यापासून पुरुषांची भीड चेपली. 'बायकांनीच दुकान ठेवलंय, मतं मोजून,' असं तोंडावर म्हणतात. तानूबाईचा नवरा गणपती, शिवानीचा बाप, आधी आठवड्याच्या बाजाराला प्यायचा, आता रोज. माणूस वाईट नाही. गवंडीकामात हात चांगला, आमच्या शाळेची भिंत त्यानं बांधलीय आणि ती अजून एका जागी ओलली नाही. पण शिवानीला शाळेतनं मिळालेली सायकल त्यानं दुकानात गहाण टाकली. ती दुकानाच्या दारात उभी असते आणि पोरगी रोज तिच्या शेजारनं चालत शाळेला येते. एकदा मी अण्णाला म्हटलं, लाज वाटत नाही का, पोरीची सायकल आहे ती. तो म्हणाला, "बाई, मी काय चोरून आणली व्हय?"

ही बातमी आहे, सोमेश. पण हिला पुढच्या रांगेत खुर्ची नाही.

विद्याश्री


९ जुलै २००९

सोमेश,

गणपती गेला. शिवानीचा बाप.

तुझ्या पेपरात आलंय. 'गवसाळे येथे पुलावरून पडून एकाचा मृत्यू.' एकाचा. नाव दुसऱ्या ओळीत, कंसात वय. 'पाय घसरल्याने ओढ्यात पडून मृत्यू झाला. पोलिसांत नोंद झाली आहे.' झालं, माणूस संपला, बातमी संपली.

या वेळी मी तुला खोटं छापलंस असं म्हणू शकत नाही, त्याचाच मला जास्त संताप येतोय. पाय घसरलाच होता. पण तो कुठनं निघाला होता, किती प्यायला होता, अण्णानं त्याला दुकानातनं बाहेर काढून शटर ओढलं तेव्हा त्याला उभं राहता येत होतं का, हे दुकानापासून पुलापर्यंतच्या सगळ्या घरांनी बघितलंय. कुणालाही विचारलं असतं तर सांगितलं असतं. दहावीच्या वर्गात मी बातमी वाचली आणि विचारलं, यात कुणाला विचारायचं राहिलं? सगळी मुलं शिवानीच्या रिकाम्या जागेकडं बघायला लागली. मी पेपर मिटला. तास सोडून दिला.

जागा रिकामी आहे ती आता रिकामीच राहणार. शिवानी चंदगडच्या वाटेवरच्या काजू कारखान्यात लागली. बारमाही काम आहे, काजू फोडायचं. टरफलातल्या तेलानं बोटांची कातडी सोलून निघते, बायका राख चोळून बसतात. मी तानूबाईच्या पाया पडायची तेवढी राहिले. म्हटलं, दहावी तरी होऊ दे, आठ महिन्यांचा प्रश्न आहे. तानूबाई म्हणाली, "बाई, धाकटा प्रसेनजीत पाचवीत हाय. येकानं शिकावं, येकानं कमवावं. दोगं शिकाय आमचं घर काय गुरुजीचं हाय?" आणि मलाच चहा केला. मी तो प्यायले, कारण नाही म्हणायला तोंड नव्हतं.

गेल्या ऑगस्टला दुकान बंद झालं असतं तर हा माणूस त्या रात्री कुठून येत असता? चंदगडहून? इतक्या लांब तो प्यायला गेला नसता, त्याच्याकडं सायकलही नव्हती. मला ठाऊक आहे तू काय म्हणशील. आक्का, जर-तरला काही अर्थ नसतो. नसेल. अकरा मतांना होता.

सप्टेंबरात वर्ष पुरं होतंय. बायकांनी परत सह्यांचा अर्ज करायचं ठरवलंय. तानूबाई तेराव्याच्या आतच सही करून गेली. त्यांच्यात तेरावं करत नाहीत, पण गावानं बोलायचं ते बोललंच. मध्ये विधानसभेची निवडणूक आहे, त्यामुळं मतदान दिवाळीनंतर होईल.

एकच मागणं. या वेळी गवसाळ्याचं नाव पेपरात घेऊ नकोस. वाईट लिहू नकोस, चांगलंही लिहू नकोस. खुलासाही नको आता. आम्हाला आमचं करू दे.

विद्याश्री


१६ डिसेंबर २००९

सोमेश,

जिंकलो. तू छापलंयस, त्यामुळं तुला ठाऊक आहे. पण कसं जिंकलो ते तुला ठाऊक नाही, कारण तू विचारलं नाहीस.

मतदानाच्या आदल्या दिवशी मी मुलांना तहसीलदारांची नोटीस दाखवली, चावडीवर लावलेली, सही-शिक्क्याची. म्हटलं, ही स्वतःच्या डोळ्यांनी वाचा, आणि वाडीवर जाऊन तुम्ही काय वाचलंत, कुठं वाचलंत, ते तुमच्या शब्दांत सांगा. उद्या कुणी काही वेगळं सांगितलं तर त्याला विचारा, तू कुठं बघितलंस? रविवारी पेपर आले, पण एकाही वाडीवर गेले नाहीत. गठ्ठा शाळेच्या ओट्यावर सुतळीसकट पडून होता.

आणि बरं झालं. सकाळीच अण्णाच्या माणसानं वरच्या वाडीत उठवलं की मतपेट्यांची गाडी आली नाही, मतदान रद्द. पाणंदवाडीचा तोच पोरगा, मार खाल्लेला, वाटेत आडवा उभा राहिला. "कुठं बघितलंसा?" म्हणाला. तो माणूस म्हणाला, लोकं म्हणत्यात. पोरगं म्हणालं, "लोकं म्हंजे कोण? नाव सांगा की पावणं, मी जाऊन इचारून येतो." बायका हसायला लागल्या. हसत-हसत निघाल्या, खुरपी घरात ठेवून. रांगेत सगळ्यांत पुढं तानूबाई होती. आजारी म्हाताऱ्यांना बायकांनी धरून आणलं.

मोजणी झाल्यावर कुणी गुलाल उधळला नाही. अण्णानं स्वतः शटर ओढलं, तेव्हा बायका नुसत्या रस्त्याच्या कडेला उभ्या राहून बघत होत्या.

सोमवारी तू गावात आलास. फोटोग्राफर घेऊन. सरपंचांकडं जेवलास, बायकांना पंचायतीपुढं उभं करून हात वर करायला लावलेस. शाळेच्या फाटकावरनं तुझी जीप दोनदा गेली, मी वर्गाच्या खिडकीतनं बघितली. आत यायला तुला काय झालं होतं? मी चावणार नव्हते. मुलं तुला चार प्रश्न विचारणार होती, बस्स.

आणि काल अंकात: 'गवसाळ्यात बाटली आडवी! आमच्या पाठपुराव्याला यश.' मी ते वाक्य बराच वेळ वाचत बसले. पाठपुरावा म्हणजे मागं लागणं, होय ना? मागं लागलात खरे. एक वर्ष बायकांच्या मागं लागलं ते तुमच्यामुळंच. एवढा निर्लज्जपणा तू शिकलास कुठं, आपल्या घरात तर नव्हता. अव्वा दुसऱ्याच्या शेतातली मिरची पायाखाली आली तरी उचलून बांधावर ठेवायची.

बातमीसोबत तुझी चिठ्ठी. तीन जानेवारीला कोल्हापुरात तुमच्या पेपरतर्फे शिक्षिकांचे सत्कार आहेत, वाचन चळवळीसाठी माझं नाव तू घातलंयस. शाल, श्रीफळ, आणि 'अप्पांनाही आणूया, त्यांना बरं वाटेल.' अप्पांना मध्ये घालू नकोस. मी येणार नाही. माझं नाव काढ.

विद्याश्री


२८ डिसेंबर २००९

सोमेश,

काल शिवानी घरी आली. रविवार, कारखान्याला सुट्टी. हातात तुझी पुरवणी होती. कारखान्याच्या मुकादमानं दिली, 'तुझा फोटू आलाय' म्हणून.

म्हणजे तू त्या सोमवारी जीप घेऊन कारखान्यावरही गेला होतास. मला ठाऊक नव्हतं. ज्या मुलीनं तुझी बातमी वाचायला नकार दिला तिचा पत्ता माझ्याच पत्रातनं काढलास, आणि तिलाच बातमी केलंस. पान मोठं आहे, रंगीत आहे. तिचे राख लागलेले हात जवळनं घेतलेत. वर मथळा, 'वृत्तपत्राने दिले लढण्याचे बळ.' आणि खाली तिच्या नावानं, अवतरणात: 'दर रविवारी वृत्तपत्र वाचूनच मला अन्यायाविरुद्ध उभे राहण्याची प्रेरणा मिळाली. दुकान बंद झाल्याने आज माझ्या वडिलांच्या आत्म्याला शांती लाभली असेल.'

ती दारातच उभी राहिली. आत ये म्हटलं तरी येईना. म्हणाली, "बाई, हे मी बोललोच न्हाय. आत्मा-बित्मा आमी मानत न्हाय. आई लई चिडली."

मी म्हटलं, त्यांनी तुला विचारलं होतं काही?

"इचारलं की. म्हणालं, दुकान बंद झालं, कसं वाटतंय?"

तू काय सांगितलंस?

"मी म्हणलो, गेल्या साली झालं असतं तर माझा बा असता आणि मी शाळंत असतो. म्हणलो, तवा पेपरात खोटं कुणी लिवलं हुतं, तुमी वळखता का त्येस्नी?" तिनं पुरवणीची घडी केली. "मग त्येनी वही मिटली. म्हणालं, हात जरा फुडं धर, फोटू काढू."

मी तिला शाळेत परत ये म्हटलं. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरनं दहावी देता येते, मी शिकवते, संध्याकाळी ये. ती म्हणाली बघतो. तिच्या 'बघतो'चा अर्थ मला कळतो, तुझ्या 'बघतो'सारखाच आहे. पण तिच्याकडं कारण आहे.

मला वाटलं होतं तुझा गुन्हा घाईचा आहे. पंधरा महिने मी तसंच धरून चालले, तुला शिव्या देताना सुद्धा. पान दुपारी तीनला बंद होतं, फोन लागला नाही, अण्णा भुरळ घालतो, पोरगं आळशी आहे. पण त्या सोमवारी तुला कसली घाई नव्हती. ही पुरवणी तेरा दिवसांनी निघाली. तू तिच्यासमोर उभा होतास, पुलावर नव्हे, पण समोर, हाताच्या अंतरावर. तिनं जे सांगितलं ते तू दोन्ही कानांनी ऐकलंस. मग ऑफिसात जाऊन तिच्या मेलेल्या बापाच्या नावानं तुझं वाक्य तिच्या तोंडात घातलंस.

जाताना मी तिला विचारलं, खुलासा मागायचा का आपण? तिनं पुरवणी माझ्या हातात दिली. मग म्हणाली, "तुमचा भाऊ हाय न्हवं, बाई? मग तुमीच सांगा त्येस्नी, मी काय बोललो हुतो ते."

तिचं वाक्य वर लिहिलंय, जसं बोलली तसं. ते तिच्या नावानं छापून येईपर्यंत मला आक्का म्हणू नकोस.

विद्याश्री